टोवेच्या तळघरातला पूल

टोवे आणि वेर्नर यांचा घटस्फोट झाला तेव्हा वाटणीवरून फारशी भांडणं झाली नाहीत. घर आणि विटा टोवेला मिळाल्या, कॉम्प्युटर वेर्नरला. विटा म्हणजे खेळण्यातल्या, प्लास्टिकच्या, डोक्यावर गोल खुंट्या असलेल्या, एकीत एक घट्ट बसणाऱ्या. तळघराच्या चारी भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, आणि डब्यांत रंगवार, आकारवार लावलेल्या विटा. त्या न्यायच्या तर ट्रक लागला असता, आणि वेर्नर स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत राहायला निघाला होता. त्यानं कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून सायकलीच्या टोपलीत ठेवला आणि गेला.

त्या कॉम्प्युटरमधेही विटाच होत्या. एका प्रोग्रॅममधे जगात बनलेली प्रत्येक वीट चित्ररूपानं ठेवलेली होती आणि ती कितीही वेळा वापरली तरी संपत नव्हती. वेर्नर पडद्यावर चर्च बांधी, पवनचक्क्या बांधी, बंदरं बांधी. घरात खरी वीट मात्र औषधालाही नाही. टोवेचं सगळं उलट. तिला आराखडा ठाऊक नव्हता. ती डब्यात हात घाली, हाताला येईल ती वीट बघून मान हलवी आणि पुढचं बांधी. दोघंही येल्मसुंद गावच्या वीट-मंडळाचे सभासद होते आणि घटस्फोटानंतरही सभासदच राहिले. बैठकीत ती टेबलाच्या एका टोकाला बसे, तो दुसऱ्या, आणि मधे अध्यक्ष बोडिल आणि केक.

दोघं वेगळी का झाली, याचं कारण गावात एकच सांगत. टोवेनं एकदा पवनचक्कीचं दार बसावं म्हणून एक वीट स्वयंपाकघरातल्या सुरीनं सुताएवढी तासली होती. वीट तासणं, डिंक लावणं, आत लोखंडी गज घालणं हे मंडळाच्या नियमांत बसत नव्हतं. वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा वेर्नर उभा राहिला आणि म्हणाला, “एका सभासदानं वीट तासली आहे.” सभासदाचं नाव विचारल्यावर त्यानं नाव सांगितलं. आडनावही सांगितलं. ते त्याचंच होतं.

पण ही गोष्ट खरी प्रेबेनची.

प्रेबेननं सबंध आयुष्य डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. बायको वारली, टँकर दुसऱ्याच्या हाती गेला, गुडघे धरले. पोहण्याच्या तलावावर गुडघेदुखीवाल्यांचा गरम पाण्यातला वर्ग चालायचा, तिथं त्याला टोवे भेटली. दोघं वर्षभर छातीएवढ्या पाण्यात उभी राहून एकमेकांशी बोलली, आणि मग प्रेबेन आपली आरामखुर्ची घेऊन तिच्या घरी राहायला आला. विटांशी त्याचा संबंध म्हणजे कधीमधी अनवाणी पायाखाली एखादी येई, तेवढाच. तेव्हा तो देवाचं नाव घेई. एरवी घेत नसे.

नोव्हेंबरात एका दुपारी बोडिल दालचिनीचे पाव घेऊन आली. तिनं बाहेरच बूट काढले, आत येऊन बसली, पहिला कप कॉफी संपेपर्यंत हवापाण्याबद्दल बोलली. म्हणजे काहीतरी अवघड होतं.

“गावचा जुना पूल पाडला ना,” ती शेवटी म्हणाली. “वाचनालयाला त्याचं मॉडेल हवंय. माणूसभर लांब नव्हे, दोन माणसांएवढं. मार्चात क्रीडागृहात प्रदर्शन, मग कायमचं वाचनालयात.”

“चांगलं आहे,” टोवे म्हणाली.

“वेर्नरनं तो पूल केलेलाच आहे. पडद्यावर. रिव्हेटसुद्धा मोजून.”

“मोजले असतील.”

“पण विटा…” बोडिलनं जमिनीकडे पाहिलं. म्हणजे जमिनीखालच्या तळघराकडे.

टोवेनं पावाचं एक वेटोळं सोडवलं, खाल्लं, बोटं पुसली. “यायचं असेल तर येऊ दे. सपाता घेऊन ये म्हणावं. जुन्या मी टाकल्यात.”

प्रेबेन ओट्याशी काळा पाव कापत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो ‘हो’च म्हणाला असता, पण विचारायला हवं होतं असं त्याला वाटलं.

शनिवारी वेर्नर आला. उंच, वाकलेला, दाढी नीट कातरलेली. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात सपाता, आणि खांद्याला थर्मास. म्हणजे या घरची कॉफी आपण गृहीत धरलेली नाही हे दिसावं अशी व्यवस्था. प्रेबेनशी त्यानं हात मिळवला.

“वेर्नर.”

“प्रेबेन.”

“ठाऊक आहे,” वेर्नर म्हणाला.

“मलाही,” प्रेबेन म्हणाला. तेवढ्यावर ओळख झाली.

तळघरात टोवेनं लांब टेबल मोकळं केलं होतं. वेर्नर लॅपटॉप उघडून एका टोकाला बसला. पडद्यावर पूल होता. दोन्ही काठांचे दगडी खांब, मधली लांब हिरवट लोखंडी कमान, आणि बोटी जाव्यात म्हणून एका बाजूला वर उचलला जाणारा तुकडा. प्रेबेन दोघांच्या मागे उभा राहून पाहत होता. तो पूल त्यानं हजारदा ओलांडला होता, पण इतका स्वच्छ कधी पाहिला नव्हता.

टोवेनं चष्मा लावला. “हा हिरवा रंग या विटेत कधी बनलाच नाही.”

“प्रोग्रॅममधे आहे.”

“प्रोग्रॅममधे असेल. तळघरात नाही.”

“मग फॅक्टरीनं बनवायला हवी होती.”

“तू कळव त्यांना. तोवर आपण करडी लावू.”

वेर्नरनं जरा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग सगळा पूल करडा केला. एक बटण दाबलं, झाला. प्रेबेनला ते बरं वाटलं नाही. खऱ्या पुलाला रंग द्यायला माणसं महिनाभर दोरीला लटकत असत.

प्रेबेनची अपेक्षा अशी होती की भांडणं होतील. त्यानं त्याची मनातल्या मनात तयारी केली होती. आवाज चढला की आपण खाली जायचं आणि ‘चला, पावबीव खाऊ’ म्हणायचं. पण आवाज चढेचना. वरती स्वयंपाकघरात बसलं की खालून फक्त डब्यात हात फिरल्याचा खळखळाट येई, समुद्रकाठच्या गोट्यांवरून लाट मागे जावी तसा. मधेच वेर्नर म्हणे, “दोन बाय सहा. करडी.” मग खळखळ. मग ‘टक’. मग पुन्हा गप्प. तासन्‌तास.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

प्रेबेन निमित्तं काढून खाली जाऊ लागला. बॉयलरचा काटा बघायला गेला. मग बटाटे आणायला गेला, कारण बटाटे तळघराच्या जिन्याखाली असत. एकाच शनिवारी तो तीनदा बटाटे घेऊन आला, आणि त्या आठवड्यात घरात रोज बटाटे झाले. खाली जाई तेव्हा दोघं पाठमोरी बसलेली असत. ती हात पुढे करी, तो बघतही नसे आणि तिच्या हातावर बरोबर वीट ठेवी. प्रेबेनच्या हातून टोवेला मीठ द्यायचं तरी ‘हं, घे’ म्हणावं लागे.

“तुम्ही खाली बोलत नाही,” एका सकाळी न्याहारीला तो म्हणाला.

“काय बोलायचं?”

“मग करता काय?”

टोवेनं पावावर कलेजीची पेस्ट फासली. “पूल बांधतो, प्रेबेन.”

त्यानं व्हिनेगरमधल्या बिटाची बरणी तिच्याकडे सरकवली. ती रेडिओवरच्या बाईला काहीतरी उत्तर देत होती. रेडिओला उत्तर द्यायची तिची सवय होती.

जानेवारीच्या शेवटी कमान पुरी झाली. दोन्ही खांबांमधे ती बसवायची होती. प्रेबेन वर डुकराच्या मांसाचे काप तळत होता. खालून वेर्नरचा आवाज आला, “सोड.” मग टोवेचा, “तू सोड.” मग क्षणभर काहीच नाही. आणि मग असा आवाज झाला की जणू कुणी गोट्यांनी भरलेली गाडी जिन्यावरून ओतली.

प्रेबेनला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही, झालाच. लगेच त्याला त्या आनंदाची लाजही वाटली, आणि तवा गॅसवरून न उतरवताच तो जिना उतरला.

जमिनीवर करड्या विटांचा सडा पडला होता. कमान मधोमध मोडून दोन्ही बाजूंनी कोसळली होती. टोवे आणि वेर्नर दोघं त्या ढिगात गुडघे टेकून बसली होती आणि हसत होती. साधं हसणं नव्हे. टोवेनं टेबलाचा पाय धरला होता. वेर्नर आवाज न करता हसत होता, खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं प्रेबेनकडे पाहिलं, काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही.

“काही लागलं का?” प्रेबेननं विचारलं.

“नाही,” टोवे म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

प्रेबेन वर आला. मांसाचे काप कोळसा झाले होते. त्यानं ते बाहेर नेऊन टाकले, कोट चढवला आणि गाडी काढून तलावावर गेला. त्या दिवशी वर्ग नव्हता. तो एकटाच गरम पाण्यात उभा राहिला. तलावावरचा पोरगेला नोकर म्हणाला, “आज कुणी नाही वाटतं?” प्रेबेन म्हणाला, “नाही वाटतं.”

त्याला पुनःपुन्हा तेच दिसत होतं. टोवेला तो हसवत असे. ती हसतही असे. पण टेबलाचा पाय धरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

प्रेबेन सभ्य माणूस होता, आणि सभ्य माणसानं अशा वेळी काय करावं याचा त्यानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी टोवे बीट सोलत बसली होती तेव्हा तो तिच्यासमोर बसला.

“माझी बहीण म्हणत होती, तिच्याकडे वरची खोली रिकामी आहे.”

“कुणाला ठेवतेय?”

“मला. म्हणजे मी जाऊ शकतो. काही दिवस. किंवा कसंही.”

“कशाला?”

“तुम्हाला जागा हवी असेल तर.”

“खाली जागा पुरतेय.”

“मी त्या जागेबद्दल म्हणत नाहीये, टोवे.”

टोवेची सुरी थांबली. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, डब्यातली वीट बघते तसं.

“म्हणून तू बटाटे आणत होतास होय?”

प्रेबेननं एक बीट उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

“मला वाटलं तुला बटाटे आवडायला लागले. मी तोंड बंद ठेवून खात होते रोज.” तिनं सुरी ठेवली. “ऐक. पूल पडला तेव्हा वेर्नर काय म्हणाला माहितेय? म्हणाला, ‘प्रोग्रॅममधे पडत नाही.’ अगदी तक्रारीच्या सुरात. ढिगाकडे बघून. म्हणून हसलो.”

“बस?”

“बस. चौदा वर्षं मी त्या माणसाबरोबर गप्प बसले. गप्प बसायला त्याच्यासारखा माणूस नाही, हे मी कुणापुढेही कबूल करीन. पण त्या सभेत तो माझ्याविरुद्ध बोलला ना, त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एकाच टेबलावर न्याहारी केली होती. अंडं कच्चं राहिलंय एवढंच म्हणाला. तक्रार केल्याचा राग नव्हता माझा. सभेत कळलं याचा होता.” तिनं पुन्हा सुरी उचलली. “मला बोलणारा माणूस हवा होता, म्हणून तुला आणलं.”

“मी कुठे एवढा बोलतो?”

“त्याच्या मानानं,” टोवे म्हणाली. “आणि बहिणीकडे जायचं तर खुशाल जा, पण आधी हे बीट उकडायला ठेव.”

त्यानं ठेवलं. बहिणीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पुलाचा मात्र प्रश्न होताच. टोवेचं म्हणणं, मधे पारदर्शक विटांचा एक खांब द्या, कुणाला दिसत नाही. वेर्नरचं म्हणणं, खऱ्या पुलाला मधे खांब नव्हता, आणि दिसत नाही म्हणून खोटं करायचं तर डिंकच का नको? यावर दोघं पहिल्यांदा खरंखुरं भांडली. आवाज चढले. प्रेबेन वरती आरामखुर्चीत पाय ताणून पेपर वाचत होता. तो खाली गेला नाही.

शेवटी वेर्नर वर आला, सपाता हातात घेऊन. “मला एक डबा विटा घरी न्यायच्यात,” तो म्हणाला. ते प्रेबेनला म्हणाला की टोवेला, कळलं नाही. “पडद्यावर वजन कळत नाही. हातात धरून बघायला पाहिजे.”

“इतकी वर्षं लागली कळायला,” टोवे जिन्यातून म्हणाली आणि त्याला एक नव्हे, तीन डबे काढून दिले.

बाहेर वारा असा होता की सायकल उभी राहत नव्हती, आणि पाऊस आडवा येत होता. वेर्नरचा गाडीचा परवाना डोळ्यांमुळे कधीच गेलेला. त्यानं डब्यांकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं.

“मी सोडतो,” प्रेबेन म्हणाला.

गाडीत सायकल मागे अर्धी बाहेर आणि डबे वेर्नरच्या मांडीवर. स्टेशनापर्यंत रस्ता तसा थोडाच. वायपर करकरत होते.

“ती अजून रेडिओला उत्तरं देते?” वेर्नरनं विचारलं.

“देते.”

“अच्छा.” तो खिडकीबाहेर बघू लागला. “मला वाटायचं ते माझ्यामुळे.”

प्रेबेननं गिअर बदलला. “माझ्यावेळीही देते,” तो म्हणाला. “मी मधेच बोलत असलो तरी.”

“हो का?” वेर्नरला बरं वाटलेलं दिसलं.

दोन खोल्या स्वच्छ होत्या आणि त्यांत फारसं काही नव्हतं. टेबल, कॉम्प्युटर, खुर्ची एक. वेर्नरनं शयनघरातून एक स्टूल आणलं, प्रेबेनला खुर्ची दिली, दोन छोट्या पेल्यांत कडक दारू ओतली आणि डबा उघडून बोटांनी विटा चाचपू लागला. त्यानं दोन विटा जोडल्या, ओढून तोडल्या. पुन्हा जोडल्या. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं चाललं होतं. प्रेबेनला तिथं उगाच बसवेना, म्हणून तो पडद्याकडे पाहू लागला. पुलावरून छोटी छोटी माणसं चालली होती, एक सायकलवाला होता, एक लाल बस होती.

“दुधाचा टँकर कुठाय?” त्यानं विचारलं.

“कुठला टँकर?”

“माझा. रोज पहाटे जायचा यावरून.”

“पूल पुलासाठी आहे,” वेर्नर म्हणाला. “टँकरसाठी नाही.”

“बस आहे की.”

वेर्नरनं बसकडे पाहिलं. बसचं समर्थन करता येईल असं त्याला काही सापडलं नाही. “कसा होता?”

“पांढरा. बाजूनं निळा पट्टा.”

वेर्नरनं विटा खाली ठेवल्या आणि माऊस हातात घेतला. थोड्या वेळात पडद्यावर पांढरा टँकर उभा राहिला. प्रेबेन पुढे झुकला.

“पट्टा इतका वर नव्हता.”

पट्टा खाली आला.

“मागची चाकं जोडीनं होती. आणि शिडी डाव्या बाजूला. अशी नाही, ती टाकीला चिकटलेली. नाही. हां. नाही, जरा मागे.”

“तू दर वेळी ‘जरा’ म्हणतोस. एक खुंटी का दोन?”

“एक. म्हणजे दीड.”

“दीड खुंटी नसते.”

“मग टँकर चुकीचा होईल,” प्रेबेन म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला गंभीरपणा ऐकून दचकला.

वेर्नर त्याच्याकडे आदरानं बघत होता. दीड खुंटीसाठी अडून बसणारा माणूस त्याला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता.

प्रेबेन घरी आला तेव्हा टोवेनं जेवण झाकून ठेवलं होतं. “इतका वेळ?”

“शिडी बसत नव्हती,” प्रेबेन म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी वेर्नर नवा आराखडा घेऊन आला. विटा आडव्या रचण्याऐवजी कमानीच्या पोटात उभ्या विटांची एक ओळ घातली होती, माशाच्या काट्यासारखी. बाहेरून दिसत नव्हती आणि नियमातही बसत होती. टोवेनं ती बांधता बांधता तीन ठिकाणी त्याला न विचारता बदलली. त्याला ते दिसलं. त्यानं काही न बोलता आपल्या पडद्यावरही ते तसंच करून घेतलं. टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात प्रेबेन जाड भिंगाखाली टँकर जोडत होता. त्याची बोटं जाड होती आणि निळ्या पट्टीची वीट सारखी उडून फळ्यांखाली जात होती. देवाचं नाव पुष्कळदा घेतलं गेलं.

कमान खांबांवर ठेवली. “सोड,” वेर्नर म्हणाला. “तू सोड,” टोवे म्हणाली. दोघांनी सोडली. ती राहिली. तिघं थोडा वेळ उभी राहिली, कारण मागल्या वेळीही कमान आधी क्षणभर राहिलीच होती. मग टोवे म्हणाली, “कॉफी,” आणि वेर्नर थर्मासकडे न बघता तिच्यामागून जिना चढला.

मार्चात क्रीडागृहात प्रदर्शन भरलं. हँडबॉलच्या मैदानावर टेबलं, टेबलांवर मंडळाची गावं, जहाजं, किल्ले, आणि मधोमध पूल. अख्खं येल्मसुंद आलं होतं. माणसं पुलाभोवती हात मागे बांधून फिरत होती, जशी अंत्यविधीला शवपेटीभोवती फिरतात. म्हातारे खाली वाकून म्हणत, “इथं मी गळ टाकायचो.” बोडिलनं चिठ्ठीवरून भाषण केलं, आणि मग वेर्नरनं कळ दाबली. पुलाचा उचलता तुकडा छोट्या मोटरवर वर जाऊ लागला.

अर्ध्यावर गेला आणि अडकला.

मोटर घुरघुरत राहिली. वेर्नरचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. त्यानं कळ पुन्हा दाबली. तुकडा हवेत तिरका, हलेना. हॉलमधे एकदम शांतता झाली, आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला, माणसं शिट्या मारू लागली. कारण जुना पूल हयातभर असाच अर्ध्यावर अडकत असे. निम्मं गाव त्यापायी कामावर उशिरा गेलं होतं, एक लग्न दोन काठांवर खोळंबलं होतं, आणि बोडिलचा थोरला मुलगा पुलाच्या अलीकडे, गाडीतच जन्मला होता.

“हुबेहूब!” बोडिल ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “वेर्नर, हे तुला सुचलं कसं?”

“हा बिघाड आहे,” वेर्नर म्हणाला.

“तेच तर!” बोडिल म्हणाली.

त्यानं पुन्हा एकदा, मोठ्यानं, सांगितलं की हा दोष आहे, मोटर कमी ताकदीची आहे आणि तो दुरुस्त होईल. वाचनालयाच्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, कृपा करून दुरुस्त करू नका. वेर्नर अपमान झाल्यासारखा खुर्चीवर बसून राहिला. टोवे त्याच्याजवळ गेली नाही. ती दुसऱ्या बाजूला उभी राहून आपण न विचारता बदललेल्या तीन जागा बघत होती आणि तिच्या मते पूल चांगला झाला होता.

प्रेबेन वेर्नरशेजारी बसला. अडकलेल्या तुकड्याच्या अलीकडे पांढरा टँकर उभा होता, निळ्या पट्ट्याचा.

“दूध नासणार,” प्रेबेन म्हणाला.

वेर्नरनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले.

पूल वाचनालयात गेला. तळघरातलं टेबल रिकामं झालं. पुढच्या शनिवारी वेर्नर नेहमीच्या वेळी दारात उभा राहिला, सपाता घेऊन, थर्मास न घेता. टोवेनं दार उघडलं.

“पूल झाला, वेर्नर.”

“ठाऊक आहे. प्रेबेन आहे का?”

प्रेबेन होता. त्यानं पत्ते पिसून ठेवले होते.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. दोघं स्वयंपाकघरात बसतात, पत्ते खेळतात आणि डेअरीच्या जुन्या गाड्यांवरून वाद घालतात. कुठल्या सालच्या गाडीला कसला आरसा होता यावर त्यांचं कधी एकमत होत नाही. वेर्नर आता बोलतो. फार नाही, पण बोलतो. मधे प्रेबेन त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता, आणि येताना दोघांनी रस्त्याकडेच्या गाडीवर लाल सॉसेज खाल्ले, ते टोवेला सांगितलं नाही. टोवे म्हणते, एका नवऱ्याला सोडलं आणि एकाला आणलं ते घरात दोन पुरुष बसवायला नव्हे. असं म्हणून ती तळघरात जाते आणि दार लावून घेते.

गेल्या शनिवारी खालून हाक आली.

“तुमच्यापैकी कुणी रिकामा असेल तर मला दोन हात हवेत!”

प्रेबेनच्या हातात चांगली पानं होती. त्यानं वेर्नरकडे पाहिलं. वेर्नरच्या हातातही बहुधा होती.

“तुला बोलावलंय,” वेर्नर म्हणाला.

“तिनं नाव नाही घेतलं.”

“तुला बोलावलंय,” वेर्नर पुन्हा म्हणाला, पानं पालथी ठेवली, आणि उठून कप विसळायला लागला.

प्रेबेन खाली गेला. टेबलावर काहीतरी उंच, पिवळं, वेडंवाकडं उभं होतं. टोवेनं त्याचे हात धरून एका जागी नेऊन ठेवले. “इथं. घट्ट नको. नुसतं धर.”

त्यानं धरलं. ती डब्यात हात घालून खळखळवू लागली. बराच वेळ गेला. त्याचे दंड दुखायला लागले.

“हे आहे काय?”

“अजून ठरलं नाही.”

“मग मी काय धरलंय?”

टोवेनं मान तिरकी करून पाहिलं. “डावी बाजू,” ती म्हणाली, आणि पुढची वीट शोधायला लागली.